एकतीस जून आणि माझी सही

चाकणच्या कंपनीत मी एकोणतीस वर्षं कॉम्प्युटर विभागात काढली. तेवढ्या काळात विभागाचं नाव चार वेळा बदललं, माझी खुर्ची दोनदा. मी पगारपत्रकं काढली, साठ्याच्या याद्या काढल्या, तीन परदेशी प्रणाली बसताना आणि त्यातल्या दोन उठताना पाहिल्या. तरी कंपनीत मला कोणी या कशासाठीही ओळखत नव्हतं. गेटवरचा वॉचमन सुद्धा नव्या माणसाला सांगायचा, "गोरे मॅडम ना? त्या कॅलेंडरवाल्या."

म्हणजे काय ते सांगते, कारण बाहेरच्या लोकांना ही विद्या ठाऊक नसते.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी असेलच असं नाही. आमची गुरुवारी. बाजारातलं कॅलेंडर मात्र रविवार लाल करून मोकळं होतं. आमचे तापकीर फोरमन, चाकणजवळच्याच गावातले, एकदा वैतागून मला म्हणाले होते, "मॅडम, ह्यो लाल रविवार बघून आमी काय करायचं? त्या दिशी आमी मशीनवर आसतो. आमचा गुरुवार काय कुनाला दिसत न्हाई."

मी म्हटलं, दाखवू.

माझ्या मशीनवर एक जुना प्रोग्राम होता. कुण्या परदेशी माणसाने लिहून फुकट वाटलेला. त्याला ना चित्र, ना बटणं. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. तिथे एक ओळ टाइप करायची: प्रोग्रामचं नाव, वर्ष, आणि मध्ये चारपाच सुटी अक्षरं. एक अक्षर म्हणजे पान आडवं, दुसरं म्हणजे आठवडा कुठून सुरू करायचा, तिसऱ्यापुढे सुट्ट्यांच्या फाइलचं नाव. एन्टर दाबलं की शेजारचा प्रिंटर घसा खाकरायचा आणि बारा पानं बाहेर टाकायचा. एका पानावर एक महिना, पानभर. आकडे एवढे मोठे, की क्रेनवर बसलेल्या माणसालाही तारीख वाचता यावी. गुरुवारचे सगळे चौकोन करडे. महिन्यांची नावं तो इंग्रजीतच छापायचा; ती मराठीत आणायला माझ्या दोन दिवाळ्या गेल्या.

सांगायला लाज वाटत नाही, या एका ओळीचा मला फार अभिमान होता. साहेब लोक महिनाभर खपून जे सादरीकरण करत, ते दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नसे. माझी ओळ वर्षभर भिंतीवर असायची.

एका वर्षी एक अक्षर चुकलं. प्रिंटरमधून पानं आली ती प्रत्येक चौकोनात चंद्र घेऊन. कुठे कोर, कुठे अर्धा, कुठे पूर्ण गोल. मी पानं फाडायला निघाले होते, तेवढ्यात प्रिंटरचा रोलर बघायला रशीदभाई आले. रशीद शेख, मेंटेनन्समधले फिटर, राहायला काळेवाडीला. कंपनीतली पत्रा दाबणारी प्रेस असो की माझा प्रिंटर, अडलं की त्यांनाच हाक. त्यांनी एक पान उजेडात धरलं.

"हे फाडताय कशाला?"

"चूक झालीय. चंद्र छापले गेलेत."

"चूक कसली? रमजान कुठे येतोय ते दिसतंय की."

"पण तुमचा चंद्र तर डोळ्यांनी बघावा लागतो ना?"

"ईदसाठी बघतोच. रजेच्या अर्जासाठी कागदावरचा चालतो."

संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमधल्या बायकांनी त्याच पानांवर संकष्ट्या शोधल्या. पुढच्या वर्षीपासून चंद्राचं अक्षर मी मुद्दाम टाकू लागले. मोजून ऐंशी प्रती निघायच्या. त्यातल्या निम्म्या घरी जायच्या, पण त्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

असं बरं चाललेलं असताना आमच्याकडे एचआरचे नवे साहेब आले. माण गावाकडच्या कुठल्याशा मोठ्या आयटी कंपनीतून आले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला सर म्हणू नका. नुसतं रोहन म्हणा." तेव्हापासून आम्ही सगळे त्यांना रोहन सर म्हणू लागलो.

रोहन सरांनी पहिल्या आठवड्यात शॉपफ्लोअरवर फेरी मारली आणि माझ्या पानासमोर थांबले.

"हे काय आहे?"

"कॅलेंडर."

"ते दिसतंय. यात ब्रँड कुठे आहे? आणि हे मून्स का आहेत? आपण ऑटोमोटिव्ह आहोत, मॅडम."

मी म्हटलं, रात्रपाळीला उपयोग होतो. त्यांना विनोद कळला नाही. महिन्याभरात परिपत्रक निघालं: भिंतींवरचं सर्व अनधिकृत मुद्रित साहित्य काढून टाकावं. त्या एका वाक्यात माझी भिंतीवरची सगळी पानं, प्रेसवर चिकटवलेला मारुती आणि कॅन्टीनचा 'हात धुवा' असा फलक, तिघेही गेले.

आणि कॅलेंडर समिती स्थापन झाली.

समितीत सात माणसं. मला 'अंतर्गत पडताळणी' म्हणून घेतलं होतं. म्हणजे सगळं ठरून झालं की शेवटी बघायचं आणि सही करायची. पहिली बैठक रंगावर झाली. दुसरी, तिसरी आणि अर्धी चौथी एमडींच्या फोटोवर. बारा महिने बारा फोटो, प्रत्येकाखाली एक मूल्य. जानेवारीत एमडी 'सचोटी' या शब्दावर हात ठेवून उभे. मार्चमध्ये 'संघभावना', तिथे एमडी एकटेच होते. जूनमध्ये 'गुणवत्ता': डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात भिंग, भिंगातून एका बोल्टकडे बघणारे एमडी. दात दिसावेत की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी सहा महिने दात, सहा महिने मिटलेले ओठ असं ठरलं.

मी विचारलं, "आणि तारखा?"

"खाली एक स्ट्रिप येईल," रोहन सर म्हणाले. "डेट्स काय, मॅडम, हल्ली सगळ्यांच्या फोनमध्ये असतात."

"साप्ताहिक सुट्टी?"

त्यावर थोडी कुजबुज झाली आणि गुरुवारी तारखेखाली लाल ठिपका द्यायचं मोठ्या मनाने मान्य झालं. ठिपका मोहरीएवढा.

इथपर्यंत माझ्यावर अन्याय झाला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. पुढचं फारसं कोणाला सांगितलेलं नाही.

डिसेंबरात एजन्सीकडून शेवटचं प्रूफ आलं. गुळगुळीत, जाड, नव्या बुटांसारखा वास येणारं. मी ते टेबलावर पसरलं आणि सवयीप्रमाणे प्रत्येक महिन्याचा शेवट तपासत गेले. सहाव्या पानावर, बोल्ट न्याहाळणाऱ्या एमडींच्या पायाशी, तीस तारखेच्या पुढे आणखी एक आकडा होता. एकतीस.

एकतीस जून.

माझ्या जुन्या काळ्या पडद्यावर एकतीस जून मागून बघा. तो प्रोग्राम सरळ नकार देतो. एजन्सीतल्या मुलीने मात्र बहुधा मे महिन्याची पट्टी उचलून पुढे ठेवली होती. आणि हे नुसतं एका आकड्यावर थांबत नाही. एक दिवस जास्तीचा घुसला की त्यापुढची प्रत्येक तारीख एक वार पुढे सरकते. खरा बुधवार कॅलेंडरात गुरुवार दिसतो. जुलैपासून डिसेंबरपर्यंत सगळे लाल ठिपके चुकीच्या तारखांखाली होते.

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. लाल पेन माझ्या हातातच होतं. पण मला ती समिती दिसली, तो पाऊण तास दिसला, भिंतीवरून खरवडून काढलेली माझी पानं दिसली. वाटलं, छापू देत. हजारो प्रती निघू देत, गिऱ्हाइकांच्या टेबलांवर जाऊ देत. आणि मग कोणीतरी गुणवत्तेच्या पानावरचे दिवस मोजेल. मी पेन बदललं. निळ्या शाईने 'तपासले' असं लिहिलं आणि खाली सही केली. माझ्या सहीखाली रोहन सरांनी न बघता त्यांची केली.

जानेवारीत नारळ फोडून, समई लावून कॅलेंडरचं अनावरण झालं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मनात म्हटलं, आठवड्याभरात बोंब होईल.

काहीही झालं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एकाही माणसाला दिसलं नाही. गेटवर, कॅन्टीनमध्ये, हजेरीच्या यंत्राशेजारी, रिसेप्शनमध्ये, सगळीकडे ते कॅलेंडर टांगलेलं होतं आणि कोणी पान उलटून पुढे बघत नव्हतं. जून आला. कॅन्टीनच्या ठेकेदाराने कॅलेंडर समोर ठेवून महिन्याचा मेनू फलकावर लिहिला, त्यात एकतीस तारखेला मटकीची उसळ होती. ती उसळ कधीच झाली नाही आणि तिची तक्रारही आली नाही. मी लोकांच्या तोंडाकडे बघत बसायची. गंमत करून ठेवावी आणि कोणी हसायलाच येऊ नये, असं झालं होतं. जुलैपासून ठिपके चुकले, तेही कोणाला कळलं नाही, कारण आठवड्याच्या सुट्टीसाठी कोणी कॅलेंडर बघत नाही. गुरुवार अंगात मुरलेला असतो. भिंतीकडे नजर जाते ती लांबचं काही ठरवायचं असेल तेव्हाच.

ऑक्टोबरात एका दुपारी रशीदभाई माझ्या टेबलाशी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कार्डांचा गठ्ठा.

"मॅडम, निलोफरचं लग्न ठरलंय. पहिलं कार्ड आमच्या नातेवाइकांना, दुसरं तुम्हाला. यायचं बरं का, सगळ्यांना घेऊन."

मी कार्ड उघडलं. सोनेरी अक्षरं. गुरुवार, दिनांक १९ नोव्हेंबर. पिंपरीतला हॉल.

मी फोन काढून तारीख बघितली. माहीत होतं तरी बघितली. एकोणीसला बुधवार होता.

"रशीदभाई, तारीख कधी ठरवली तुम्ही?"

"मे महिन्यातच. हॉल मिळत नव्हता ना. हजेरी लावताना कॅलेंडर चाळलं, लाल ठिपका बघितला, तसाच हॉलवर गेलो. हॉलवाला म्हणाला, एकोणीस मोकळी आहे, लिहून टाकलं. मुद्दाम गुरुवार धरलाय. आपलं अख्खं मेंटेनन्स येणार. माझा मोठा मुलगा, थोरला जावई, मेहुणे सगळे आपल्याच कारखान्यात, सगळ्यांना गुरुवारचीच सुट्टी." ते हसले. "नोव्हेंबरात दरवर्षी त्या ऑडिटमुळे रजा बंद असतात. सुट्टीचाच दिवस पाहिजे होता."

"कार्डं किती वाटली?"

"दीडशे तरी गेली असतील. सोलापूरकडची सगळी गेली."

मी नुसता फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो बघितला, मग कार्ड बघितलं, मग परत फोन. मेंटेनन्सचा माणूस. यंत्र बिघडलं की आधी आपल्याच हातून काही राहिलं का ते तपासतो. ते पुटपुटले, "माझीच चूक झाली वाटतं. चष्मा लावायला पाहिजे होता."

हे मात्र मला सहन झालं नाही. मी उठले, हजेरीच्या यंत्राशेजारचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं आणि जूनचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. एकतीसवर बोट ठेवलं. मग सांगितलं. प्रूफ माझ्याकडे आलं होतं, मला हे दिसलं होतं, आणि मी सही केली.

"दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

"साहेबांवर राग होता. त्यांची फजिती व्हावी असं वाटलं."

रशीदभाईंनी कॅलेंडर मिटून बाजूला सरकवलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, साहेबाला कॅलेंडर लागतं का? त्याची सेक्रेटरी सांगते त्याला आज काय वार आहे ते. कॅलेंडर आमच्या भिंतीला असतं."

कार्डांचा गठ्ठा उचलून ते निघून गेले. माझं कार्ड टेबलावर राहिलं होतं.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा वेळ न मागता एचआरच्या केबिनमध्ये शिरले. रोहन सरांना जून दाखवला. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं. चेहरा एमडींच्या मिटलेल्या ओठांच्या महिन्यांसारखा झाला.

"हे आणखी कोणाला माहितीये?"

"मला आणि रशीद शेखना."

"फक्त? मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी प्रॉब्लेम सांगितला. लग्न, रजाबंदी, वाटलेली कार्डं. ते म्हणाले, वाईट वाटलं, पण वैयक्तिक कार्यक्रमांसाठी धोरण वाकवता येत नाही. पाहिजे तर मुलीच्या वडिलांना एक दिवस विशेष रजा देऊ.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग मी लेखी कबुली देते. प्रूफमध्ये चूक होती, मला दिसली, मी मुद्दाम सही केली. काय कारवाई करायची ती करा. सोबत प्रूफची प्रत जोडते."

"प्रूफ कशाला?"

"माझ्या सहीखाली तुमची आहे."

मी खरंच लिहून द्यायला तयार होते, हे त्यांना माझ्याकडे बघून कळलं असावं. हे धैर्य वगैरे नव्हतं. मला कोणीतरी शिक्षा द्यायला हवी होती आणि रशीदभाईंनी ती दिली नव्हती.

रोहन सर खिडकीशी गेले. म्हणाले, "पुढच्या महिन्यात ऑडिटर्स येतायत. रिसेप्शनमध्ये हेच लागलंय. आता काढलं तर एमडी विचारणार का काढलं."

"मग काढू नका. कॅलेंडरात एकोणीसखाली ठिपका आहे. एकोणीसला सुट्टी द्या आणि वीसला काम चालू ठेवा. कॅलेंडर बरोबर ठरेल."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. कंपनीत दोन वर्षं काढल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर मला प्रथमच निखळ आनंद दिसला.

"मॅडम, ड्राफ्ट करता?"

मी तिथेच बसून टाइप केलं. 'उत्पादन नियोजनाच्या सोयीसाठी, प्रकाशित कॅलेंडरनुसार, बुधवार दि. १९ नोव्हेंबर रोजी साप्ताहिक सुट्टी राहील. त्याऐवजी गुरुवार दि. २० रोजी कारखाना सुरू राहील.' 'प्रकाशित कॅलेंडरनुसार' हे शब्द रोहन सरांनी स्वतः घातले. एका खोट्या दिवसाची लाज राखण्यासाठी दीड हजार माणसांचा खरा दिवस हलवला गेला. कारण कोणी विचारलं नाही. परिपत्रकाला कारण असतं अशी अपेक्षाच आमच्याकडे कोणी ठेवत नाही.

पण कार्डांवर गुरुवार होताच. काही लोक बुधवारी आले असते, काही गुरुवारी बंद हॉलच्या दारात उभे राहिले असते. मी माझ्या जागेवर गेले, काळा पडदा उघडला आणि वर्षभरात न लिहिलेली ती ओळ लिहिली. या वेळी एकाच महिन्याची. सुट्ट्यांच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली. एन्टर दाबलं. नोव्हेंबर, पानभर. एकोणीसच्या चौकोनात वर बुधवार, खाली लिहिलेलं: निलोफरचं लग्न, सर्वांनी यायचं.

चाळीस पानं घेऊन मी मेंटेनन्समध्ये गेले. रशीदभाई एका पंपाखाली वाकलेले होते. परिपत्रक वाचून दाखवलं. त्यांनी हात पुसले आणि पान घेतलं. बरंच मोठं पान होतं ते. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"भिंतीला लावायचं म्हणता? बंदी आहे ना?"

"लावा. काढायला कोणी येणार नाही."

तापकीर फोरमननी खिशातून चिकटपट्टी काढली. "आना हिकडं," म्हणाले, आणि पहिलं पान प्रेसवर, जिथे पूर्वी मारुती होता, तिथे लावलं.

त्यानंतर दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत मी आणि रशीदभाई कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसत होतो. ते सोलापूर, बार्शी, अकलूज करत एकेकाला फोन लावायचे. उरलेल्या कार्डांवरचा गुरुवार खोडून मी बुधवार लिहायची. आमच्यात कामापुरतंच बोलणं व्हायचं. "हे झालं." "पुढचं द्या." एकदा पलीकडच्या कुणा म्हाताऱ्या मामूंनी वार का बदलला म्हणून फारच खोदून विचारलं, तेव्हा रशीदभाई माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाले, "छापणाऱ्याची चूक झाली, मामू." मी मान खाली घालून लिहीत राहिले.

लग्न उत्तम झालं. अख्खं मेंटेनन्स होतं. रोहन सरही येऊन गेले, आणि नवऱ्या मुलाला त्यांनी भेट म्हणून काय द्यावं? गुंडाळून, रिबन बांधून, कंपनीचं कॅलेंडर. मी बिर्याणी वाढून घेत होते, तेव्हा रशीदभाई आले आणि माझ्या ताटात आणखी एक डाव घालून गेले.

पुढच्या वर्षी समिती बसली नाही. तसा काही निर्णय वगैरे झाला नाही; ज्या गोष्टी आमच्याकडे शहाणपणाने होतात त्यांची नोंद होत नाही. डिसेंबरात रोहन सरांचा फोन आला, "मॅडम, ते तुमचं प्रिंट वगैरे जे काय असतं, ते करा." मी विचारलं, चंद्रांसकट? ते म्हणाले, "मी काही बघितलेलं नाही."

बारा पानांचा पहिला संच निघाला तो न्यायला रशीदभाई स्वतः आले. मी पानं त्यांच्या हातात दिली. ती घेऊन ते लगेच गेले नाहीत. सहावं पान वर काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, डाव्या हाताची मूठ वळली आणि उजव्या हाताच्या बोटाने मुठीवरचे उंचवटे आणि खाचा मोजू लागले. जानेवारी उंचवटा, फेब्रुवारी खाच. सावकाश, ओठ हलवत, जूनपर्यंत आले. बोट खाचेत टेकलं.

"तीस," ते म्हणाले. मग पानावरच्या शेवटच्या चौकोनावर बोट ठेवून खात्री केली. "बरोबर आहे."

चेहऱ्यावर ना राग, ना थट्टा. बोल्ट घट्ट बसलाय की नाही ते बघावं, तसं.

मी निवृत्त होईपर्यंत दर डिसेंबरला त्यांनी हे केलं. माझ्यासमोर, मूठ वळून, जानेवारीपासून. आणि मी दर वर्षी हातातलं काम बाजूला ठेवून त्यांचं मोजून होईपर्यंत उभी राहिले.